पाहुणे बासरीवादक बाथरूममध्ये अडकले. आता फोन करावा का?

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातल्या एका गावात तरुण मंडळाने पहिल्यांदाच शास्त्रीय संगीताची मैफल ठेवली. मुंबईहून बासरीवादक आले. शाळेचा एक वर्ग ग्रीनरूम म्हणून दिला होता. कार्यक्रमाला अर्धा तास असताना ते शाळेमागच्या बाथरूममध्ये गेले आणि कुणीतरी बाहेरून कडी घातली. पंचवीस मिनिटं ते आत. पुढे मंडपात 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' चाललं होतं, त्यात त्यांच्या हाका बुडाल्या. फोन बासऱ्यांच्या पेटीत राहिलेला. सुटल्यावर ते कुणाला काही बोलले नाहीत. वाजवलं, पाकीट घेतलं आणि न जेवता गाडीत बसले. मंडळ विचारतंय: फोन करून माफी मागावी, की हा विषय काढणंच वाईट दिसेल? आणि पुढच्या वर्षी काय सांभाळावं?

फोन कराच. कसा करायचा ते शेवटी सांगतो. त्याआधी एक काम थांबवा. तुम्ही लिहिलंय की 'कडी कुणी घातली याची चौकशी सुरू आहे'. ती बंद करा. कडी कुणी घातली ते मी इथे वेंगुर्ल्याकडे बसून सांगतो: तुमच्या गावातल्या एखाद्या चांगल्या वळणाच्या माणसाने. शाळेच्या संडास-बाथरूमचं दार उघडं राहिलं की आत कुत्री शिरतात, शेळ्या शिरतात, म्हणून जाता येता दार अर्धवट दिसलं की हात आपोआप कडीकडे जातो. आणि दार अर्धवट का होतं? आतली कडी खाऱ्या वाऱ्याने गंजून सरकत नसणार. पाहुण्यांनी ते नुसतं ओढून घेतलं असणार. आतली कडी चालत नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून गावातला माणूस आत गेला की खोकतो नाहीतर गाणं म्हणतो. मुंबईच्या माणसाला ही पद्धत कोण सांगणार?

आमच्या देवळाच्या उत्सवात आम्ही गेली सव्वीस वर्षं एक रात्र गाण्याची ठेवतो. पाहुण्यांची जेवढी म्हणून पंचाईत करता येते तेवढी या काळात आम्ही करून चुकलोय. त्यातली एक सविस्तर सांगतो, कारण ती माझ्या हातून झाली आणि तिच्यात तुमच्यासारखंच कुणाचंही मन वाईट नव्हतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या एक ज्येष्ठ गायिका येणार होत्या. नाव सांगत नाही. आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता. आंबोली घाटाची वळणं ज्यांना सोसत नाहीत त्यांना ती फार त्रास देतात. त्या उतरल्या तेव्हा चेहरा उतरलेला, पोटात मळमळ. संध्याकाळी ग्रीनरूममध्ये बसल्यावर त्या म्हणाल्या, "मला नुसतं कोमट पाणी द्या." इतकंच. वाक्यात 'नुसतं' हा शब्द होता, तो खोलीतल्या एकालाही ऐकू गेला नाही. पित्त झालंय म्हटल्यावर आपल्याकडे एकच औषध. तीन बायका आणि दोन पुरुष एकदम बोलले, "कोकम घेवा मां, लगेच बरा वाटात!"

आता जे वाचक घाटावरचे असतील त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कोकमापासून दोन पातळ गोष्टी होतात आणि दिसायला दोन्ही सारख्याच गडद लाल. अमृत कोकम म्हणजे पिकलेल्या कोकमाच्या वाट्यांत साखर भरून, बरणी उन्हात ठेवून सुटलेला पाक. पाणी घातलं की सरबत. आगळ म्हणजे कोकमाला मीठ लावून काढलेला रस, सोलकढीसाठी वर्षभर ठेवायचा. आंबट आणि इतका खारट की चमचाभर पुरतो. आणि कोकणातल्या घरात हे दोन्ही कशात भरून ठेवतात ते लपवण्यात अर्थ नाही: रिकाम्या दारूच्या बाटल्यांत. घट्ट बुचाची, काचेची, फुकटची बाटली दुसरी कुठली मिळते?

जेवणाला सोलकढी होती म्हणून आगळाची बाटली आणली होती. पाहुण्यांसाठी म्हणून अमृत कोकमाची. स्वयंपाक शेजारच्या वर्गात, पण तिथे टेबल भरलेलं, म्हणून दोन्ही बाटल्या मी ग्रीनरूमच्या खिडकीत ठेवल्या. मीच. माझ्या बारावीतल्या पुतणीने हाताला लागली ती बाटली घेतली, अर्धा पेला लाल रस, वर कोमट पाणी, आणि मोठ्या अदबीने पुढे केला. बाईंनी आधी बाटलीवरचं लेबल वाचलं. भुवया वर गेल्या. मी घाईघाईने म्हणालो, "नाही नाही, कोकम आहे, घरचं!" त्यांनी विश्वासाने मोठा घोट घेतला.

खोलीत बेसिन नव्हतं. शाळेच्या वर्गात ते कुठून असणार? फळ्यावर सहावीची गणितं होती, कोपऱ्यात नकाशे होते, बाहेर जाणाऱ्या दारात आम्ही नऊ-दहा माणसं उभी होतो. त्यामुळे तो घोट जायचा तिथे गेला: थोडा ओंजळीत, थोडा जमिनीवर आणि बराचसा मोतिया रंगाच्या रेशमी साडीच्या पदरावर.

पुतणी रडायला लागली. "माका काय ठावक, ता अमृत कोकमच वाटला!" माझ्या काकीने पदर हातात घेऊन अंगाचा साबण लावला. कोकमाच्या डागाला साबण लागला की तांबडा रंग निळा-करडा होतो, हे तिलाही ठाऊक असायला हवं होतं, पण घाईत कुणाला काय सुचतं. नुसत्या थंड पाण्याने टिपून घेतलं असतं तर डाग फिका तरी झाला असता. आता तो शाई सांडल्यासारखा दिसू लागला. दुसरी साडी लॉजवर, लॉज सहा किलोमीटरवर, आणि निवेदकाचं स्वागत सुरू झालेलं.

मग मला वाटलं, मला युक्ती सुचली. सत्काराची शाल टेबलावर होती. म्हटलं, बाई, ही पांघरा, डाग झाकला जाईल. त्यांनी पांघरली. डाग झाकला गेला. त्या मंचावर गेल्या आणि निवेदक म्हणाला, "आता अध्यक्ष शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करतील." अध्यक्ष उभे राहिले, हात पुढे करून. ताटात फक्त नारळ. ते माझ्याकडे वळून माईकपाशीच म्हणाले, "शाल खंय गेली?" चारशे माणसांनी ऐकलं. मी डोळ्यांनी बाईंच्या खांद्याकडे खूण केली. अध्यक्षांना खूण अर्धीच समजली. त्यांनी पुढे होऊन ती शाल बाईंच्या खांद्यावरून काढली, झटकली, आणि सगळ्यांसमोर पुन्हा नीट घातली. मधल्या चार-पाच सेकंदांत तो डाग शेवटच्या रांगेपर्यंत दिसला.

गाणं झालं. मालकंस ठरला होता, तंबोरा मध्यमात लावलेला. त्या बराच वेळ मंद्र सप्तकातून वर आल्याच नाहीत. लोक दुसऱ्या दिवशी म्हणत होते, काय गंभीर मालकंस होता! मी त्यांच्या तबलजींना हळूच विचारलं तेव्हा कळलं की मिठाने घसा कोरडा पडला होता, वर जायला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. मी कोकमाबद्दल, साडीबद्दल बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की साडी धुवायला दिलीय, ते सोडा. मग जे बोलल्या ते मला लागलं. मंचावर जाण्याआधीच्या तासाभरात त्यांना एकदाही एकटं बसता आलं नव्हतं. स्वर लावून बघता आला नव्हता. घोट गेल्यावर दहा माणसं एकदम 'सॉरी मॅडम, सॉरी मॅडम' करत होती, आणि त्या गर्दीत एकानेही त्यांना साधी गुळणी करायला पाणी दिलं नाही. ते त्यांच्या तबलजींनी आणलं.

तुमच्या बासरीवादकांनाही तुम्ही सोडवल्यावर काय झालं असेल, ते मी न विचारता सांगू शकतो. दार उघडलं तेव्हा बाहेर दहा-पंधरा माणसं. प्रत्येकजण माफी मागतोय, एकजण कडी हलवून दाखवतोय, दुसरा पोरांना ओरडतोय, तिसरा चहा विचारतोय. आणि त्या माणसाला हवं होतं ते एवढंच की कुणी आपल्याकडे पाहू नये आणि आपली बासरी आपल्याला मिळावी. बाथरूममध्ये अडकणं एकवेळ चालतं. बाथरूममधून गावासमोर बाहेर पडणं माणसाला सहन होत नाही.

म्हणून पुढच्या वर्षीसाठी पहिली गोष्ट: पाहुण्यांसाठी एकच माणूस. बाकी मंडळाने, अध्यक्ष-सरपंच धरून, ग्रीनरूमच्या दारापासून लांब राहायचं. हा एक माणूस वयाने फार लहान नको, फार मोठाही नको, आणि गाण्याचा फार शौकीन तर मुळीच नको. शौकीन माणूस आत बसून राग विचारतो, स्वतःच्या गुरूच्या आठवणी सांगतो. आमच्याकडे हे काम एक निवृत्त कंडक्टर करतात. एस.टी.त जन्म काढल्यामुळे गर्दी बाहेर ठेवणं आणि कमी बोलणं त्यांना जमतं. पाहुणे उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत तेच. काही चुकलं तर माफीही तेच मागतात, एकदा, आणि मग कामाला लागतात. तुमच्या प्रसंगात असा माणूस असता तर पाच मिनिटांत त्याच्या लक्षात आलं असतं की पाहुणे जाग्यावर नाहीत. पंचवीस मिनिटं कुणालाच कळलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं ते दुसऱ्याबरोबर असतील.

बाथरूमचं काम स्वस्त आहे. आतली कडी नवी बसवा, लोखंडी नको, ॲल्युमिनियमची. बाहेरची कडी त्या दिवसापुरती तारेने बांधून टाका. आत दिवा चालू आहे का ते रात्री जाऊन बघा, सकाळी नव्हे. एक मोठा खिळा ठोका, कपडे किंवा पिशवी अडकवायला. हे बायकांच्या फार उपयोगाचं असतं आणि कुठेच नसतं. जमीन कोरडी हवी. बादली, तांब्या, साबण, स्वच्छ पंचा. शाळेपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर उजेड हवा. मग तुमच्या पत्नीला किंवा बहिणीला काळोख पडल्यावर एकटीला तिथे पाठवून बघा. ती नाक मुरडत परत आली तर पाहुण्यांनाही ते चालणार नाही.

ग्रीनरूममध्ये आरसा, दोन साध्या खुर्च्या, खाली बसायला सतरंजी आणि गुळणीसाठी बादली ठेवा. पाण्याचा थर्मास पाहुण्यांचाच असतो. तो त्यांच्यासमोर भरा. आमच्या त्या रात्रीनंतर ग्रीनरूममध्ये लाल रंगाचं काहीही जात नाही, आणि स्वयंपाकाची बाटली तर खिडकीतसुद्धा नाही.

आग्रह हे आपलं मोठं दुखणं. गाणारा माणूस कार्यक्रमाआधी आंबट, थंड, तेलकट टाळतो. म्हणजे आपण ज्या ज्या गोष्टींनी पाहुणचार करतो ते सगळंच. सोलकढी नको, मठ्ठा नको, तळलेलं नको. बासरीवाल्याचं तर ओठांवर सगळं अवलंबून. तेलकट तोंडाने तो फुंकर कशी घालणार? विचारायचं ते फोनवर आठ दिवस आधी विचारा, लिहून ठेवा, आणि त्या दिवशी तेवढंच द्या. मासे खातात का हेही तेव्हाच विचारा. एकदा आम्ही शाकाहारी पाहुण्यांना वेगळं ताट केलं, उसळ-भाकरी सगळं नीट, आणि कडेला चटणी वाढली ती सुक्या जवळ्याची. त्यांना ती फार आवडली. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा आमच्या लक्षात आलं. आजतागायत त्यांना सांगितलेलं नाही.

खरं जेवण कार्यक्रमानंतर असतं, आणि नेमकी तिथेच आपली व्यवस्था कोसळते. रात्री बारा-साडेबाराला कलाकार उठतो, भूक लागलेली असते, आणि मंडळाची पंगत केव्हाच उठलेली. उरतो गार भात. मऊ भात, वरण, तूप, एखादी भाजी, हे त्यांच्यासाठी वेगळं झाकून ठेवा आणि ऐनवेळी गरम करा. साथीदारांसाठीही तितकंच. तबलजी आणि पेटीवाले यांना चहा कपात आणि मुख्य कलाकाराला बशीसकट, असला प्रकार मी पाहिलाय. तो मुख्य कलाकारालाही आवडत नाही.

पेटीवरून आठवलं. आमच्या एका पोराला पाहुण्यांच्या साथीदारांनी फोनवर विचारलं, "पेटी तिकडेच मिळेल ना?" एप्रिल महिना. पोरगा म्हणाला, "मिळात तर! चार डझनाची देव की पाच?" पलीकडे बराच वेळ शांतता. वाद्यांची बोलणी वाद्यं कळणाऱ्या माणसाने करायची, एवढंच. दव पडतं हेही त्याच माणसाने आधी सांगून ठेवायचं. पौषात आपल्याकडे उघड्या मंडपात दहानंतर तबल्याची पुडी ओल धरते, सूर उतरतो, आणि तबलजी हातोडी घेऊन ठोकत बसतो. वर जाड कापडाचं छत बांधा आणि वाद्यांच्या खोलीत जुना शंभराचा बल्ब लावून ठेवा.

प्रवासाचं फार लिहीत नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावतेय, तरी मुंबईच्या माणसाला अजून वाटतं की स्टेशनच्या नावात गाव आहे म्हणजे गाव स्टेशनलगत आहे. राजापूर रोडला उतरून राजापूर किती लांब ते ज्याने अनुभवलंय त्याला विचारा. गाडी वेळेआधी अर्धा तास स्टेशनवर उभी हवी आणि पोचल्यावर तासभर पाहुण्यांना पडू द्या. हारतुरे संध्याकाळी. मानधन बंद पाकिटात, कार्यक्रमाआधी, त्या एका माणसाच्या हातून. चार लोकांत नोटा मोजू नका आणि 'जरा कमी आहेत, समजून घ्या' हे वाक्य मंचामागे उच्चारू नका. ते आठ दिवस आधी बोलायचं असतं.

आता फोन. मंडळाच्या वतीने एकाने करायचा, ज्याने त्यांना निमंत्रण दिलं होतं त्याने. व्हॉट्सॲपवर हात जोडल्याची चित्रं पाठवू नका. अध्यक्षांना फोनवर आणू नका, ते भाषण करतील. तीन वाक्यं बोला: त्या दिवशी तुम्हाला आमच्याकडे त्रास झाला. चूक आमची, आम्ही पाहुण्यांसोबत माणूस नेमला नव्हता. आम्हाला फार वाईट वाटलं. बस. कडी, कुत्री, गंज, साउंडवाला यांतलं काहीही सांगू नका. कारण खरं असलं तरी ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. 'बाथरूम' हा शब्दही नको, त्यांना आठवण करून देण्याची गरज नाही. ते हसले तर तुम्ही हसा. ते गप्प राहिले तर तुम्हीही क्षणभर गप्प राहा आणि वाजवणं कसं झालं त्याबद्दल एखादी खरी गोष्ट सांगा, जी तुम्ही स्वतः ऐकलीत. तुमचं लक्ष कडीतच अडकलं असेल आणि तुम्ही वाजवणं ऐकलंच नसेल, तर ज्याने ऐकलं त्याला आधी विचारून घ्या. आंब्याची पेटी पाठवायची असेल तर हंगामात पाठवा, पण याच फोनवर कबूल करू नका. ती नुकसानभरपाई वाटते. पुढच्या वर्षीचं निमंत्रणही आत्ता नको. ते चार-सहा महिन्यांनी, वेगळा फोन करून.

आमच्या बाई तीन वर्षांनी पुन्हा आल्या होत्या. घाट टाळून, रेल्वेने, कुडाळपर्यंत. गाणं संपल्यावर रात्री बारा वाजता त्यांनी सोलकढी मागितली. पुतणी तेव्हा सुट्टीत घरी होती. बाटली तिनेच उघडली, पण आधी थेंबभर बोटावर घेऊन चाखली.

फोन सकाळी करू नका, रियाज चालू असतो. दुपारी चारनंतर करा.